बारापट झूम आणि इवायाचा हात

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून जाणारी माणसं दोनच प्रकारची असत. एक मंत्री आणि दुसरे च्यानलवाले. आम्ही नवरा-बायको साताऱ्याहून गेलो ते कॅमेरा निवडायला. हे मी शेजारी सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "तिकडं कापूस पिकतो ना हो?" मी म्हटलं, "हो, पण कॅमेराही मिळतो." ती फार वेळ माझ्याकडे बघत राहिली.

साताऱ्यात कॅमेरे मिळत नाहीत असं नाही. पण आमचा दुकानदार तो काचेच्या कपाटातूनच दाखवतो. फारच मागे लागलं तर हातात देतो, गल्ल्यामागच्या कॅलेंडरचा एक फोटो काढू देतो आणि विचारतो, "पॅक करू?" दोन हातांवरच्या कॅलेंडरचा फोटो कुणालाही चांगला येतो. आम्हाला बघायचं होतं ते निराळंच.

आमचे हे सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाले. पट्टी न लावता केसासारखी बारीक सरळ रेघ ओढायचे, आणि साहेब लोक ती बघायला पाहुणे घेऊन यायचे. हौस फोटोंची. नात्यातलं एक बारसं, एक वाढदिवस सोडला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रज्ञाचं लग्न झालं, मारेगावच्या बाजूच्या मुलाशी. तेव्हाही यांनी भाड्याचा फोटोग्राफर लावू दिला नाही. रोल धुऊन आला तर सगळा मांडव झोपाळ्यावर बसवल्यासारखा. नवरीला दोन नाकं, व्याह्यांना तीन चष्मे. हे म्हणाले, "रोल जुना असेल." त्यानंतर कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, डांबराच्या गोळ्यांसोबत.

पंखा बंद असताना यांच्या हातातलं वर्तमानपत्र सळसळतं, हे मला त्याआधीच दिसलं होतं. मला दिसलं हे मी त्यांना दिसू दिलं नाही. कान दाखवून येतो असं सांगून ते डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांच्या बायकोनं मला भाजीबाजारात सांगितलं की हाताची थरथर आहे, जिवाला धोका नाही, पण वाढेल. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द झाला नाही.

मग प्रज्ञाचा फोन आला. तिच्या धाकट्या दिराचं, विशालचं लग्न ठरलं होतं. "बाबा, फोटो तुम्हीच काढायचे. आता असे कॅमेरे आलेत, हात हलला तरी फोटो हलत नाही. मामंजींच्या ओळखीचा एक स्टुडिओवाला आहे, तो तीन कॅमेरे घरी आणून देतोय. वापरून बघा, एक ठेवा, दोन परत." दोन दिवस यांचं "गरज काय" चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बॅग भरलेली. या लग्नात जर यांनी कॅमेरा उचलला नाही, तर पुन्हा जन्मात उचलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मीही माझ्या साड्या कोंबल्या.

इवायाचं घर

गाडी आणि एसटीचं काही सांगत नाही, ते ज्यानं त्यानं भोगावं. मारेगाव मागे टाकून आत वळलं की दोन्हीकडे काळी जमीन लागते. वेचून झालेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, काड्या होऊन उभी होती आणि बांधांवर पळस फुलला होता. आमच्याकडे डोंगर दिसल्याशिवाय रस्ता संपत नाही. इथं नजर जाते आणि कुठं टेकत नाही, शेवटी आपणच डोळे मिटायचे.

व्याही किसनराव फाट्यावर उभेच होते. उंच, वाळका, मिशा पांढऱ्या आणि आवाज मिशांच्या मानानं फार मऊ. तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. "जयभीम इवाई," म्हणत त्यांनी यांच्या हातातली बॅग काढून घेतली. हे देईनात. किसनराव म्हणाले, "नाही जी. आमच्याकडं इवायानं वजन नाही उचलाव. लग्नघरी तं नाहीच नाही. लोक आमाले नावं ठेवतीन."

घरात शिरलो तर पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. बाजारात भाव नाही, म्हणून कापूस घरात आणि पाहुणे ओसरीवर. विहीणबाई शांताबाई म्हणाल्या, "भाव आला का तो जाईन, अन् मंग तुमाले खोली मिळन. भाव नाही आला तं पुढच्या लग्नालेबी ओसरीतच." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी फक्त मान हलवली. त्या कापसाशेजारी बसलं की अंगाला खाज सुटते. साताऱ्याकडच्यांनी ती पाहुणचाराचा भाग समजावी.

चहा आला. मला कपबशी, काठोकाठ. यांना स्टीलचा उंच पेला आणि त्यात चहा निम्माच. हे पेल्यात डोकावले. किसनराव म्हणाले, "आमच्याकडं इवायाले अर्धा चहा देतेत. दोनदा. एका दमात पूरा देल्ला तं त्याचा अर्थ, पेय अन् नीघ." हे हसले. निम्मा चहा प्यायले, पुन्हा निम्मा आला. बशीत एक थेंब सांडला नाही, कारण बशीच नव्हती. मला ही चाल फार आवडली. परत गेल्यावर महिला मंडळात सांगायची असं मी तिथंच ठरवलं, आणि सांगितलीही असती.

जेवायला वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी आणि ठेचा. आम्ही साताऱ्याची माणसं तिखट खातो असा आमचा समज आहे. पहिल्या घासाला तो गेला. यांना वरण खोल वाटीत नाही, थेट ताटातल्या भातावर वाढलं, इवायाला वाटी देत नाहीत म्हणून. प्रज्ञा वाढत होती. मी तिला विचारलं, "एवढ्या रीती तू कधी शिकलीस गं?" ती म्हणाली, "शिकावं लागतं आई," आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

गच्चीवरची परीक्षा

दुपारी पांढरकवड्याहून बबलू आला. गळ्यात सोनेरी साखळी, मोटरसायकलच्या डिकीत तीन खोकी. त्यानं ती कापसाच्या ढिगावर मांडली आणि मुलगी दाखवायला आणावी तसा एकेक उघडू लागला.

पहिला चंदेरी, खिशात मावेल असा. हात हलला तरी हरकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी खोक्यावर छापलेलं. हे घरून माहितीपत्रकं वाचून आले होते. म्हणाले, "हे खोटं आहे. हातावर यात काही इलाज नाही, हा फक्त घाईघाईत फोटो काढतो. आणि घाईत काढला की फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात." बबलू म्हणाला, "काका, चाळीसपट झूम हाय पन." हे म्हणाले, "त्यातला खरा तिप्पट. बाकीचा डिजिटल. म्हणजे तिप्पटचंच चित्र कापून फुगवायचं." बबलूनं गुपचूप ते खोकं मिटलं.

दुसरा काळा, दणकट, दहापट झूमचा. तो गळ्यात घातला की माणूस दिल्लीचा वाटतो. हात हलण्यावर त्याच्यात काही नव्हतं. पण यांची नजर त्याच्यावरून हलेना. बायकोला अशा नजरा कळतात.

तिसरा बारापट झूमचा, करड्या रंगाचा, दिसायला अगदीच गरीब. बबलू म्हणाला, "याच्यात आतमंधी एक भिंग तरंगते काका. तुमचा हात इकडं गेला का थे तिकडं जाते. मंग चित्र जागच्या जागीच राह्यते." हे म्हणाले, "माझ्या उलट वागणारं घरात एक आहेच." सगळे हसले. मीही हसले, पण त्या भिंगाबद्दल मला आपुलकी वाटू लागली.

आता परीक्षा. ती यांनी घरूनच ठरवून आणली होती. लांबवरची अक्षरं शोधायची, झूम पुरता ताणायचा, हातात धरून फोटो काढायचा आणि फोटोत ती वाचता येतात का ते पाहायचं. गच्चीवरून गावाबाहेरची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीवर "पाणी अडवा, पाणी जिरवा" लिहिलेलं. टाकीत पाणी नव्हतं. अक्षरं मात्र ठळक होती.

यांनी चंदेरी कॅमेरा उचलला. हात थरथरायला लागला तोच मागून किसनराव आले आणि यांच्या कोपराखाली आपला तळवा घातला. घट्ट. "आमच्याकडं इवायानं हवेत हात नाही धराव एकट्यानं. आधार देनं आमचं काम आहे." आता व्याह्याचा हात झटकायचा कसा? तोही लग्नघरी? फोटो निघाला. फुगवलेला होता, रवाही सांडला होता, पण अक्षरं हलली नव्हती. काळा उचलला, तळवा तिथंच. तिसरा उचलला तेव्हा खालून मांडववाल्यानं हाक मारली. किसनराव जिन्याकडे वळले आणि जाता जाता आमच्या जावयाला म्हणाले, "सिद्धार्थ, इवायाचा हात धर." सिद्धार्थनं धरला.

तिन्ही कॅमेऱ्यांत "पाणी अडवा, पाणी जिरवा" जागच्या जागी. परीक्षेला तीन पोरं बसली आणि तिघांचा पेपर मास्तरांनीच लिहिला. हे खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "आधारानं काढलेल्या फोटोवरून काय कळणार," एवढंच म्हणाले.

पऱ्हाटीतली सकाळ

दुसऱ्या दिवशी उजाडताच यांनी मला उठवलं. करडा कॅमेरा शालीत गुंडाळलेला. "चल, शेतावर जाऊ. तिथं कुणी हात धरायला येणार नाही." चोरी करायला निघाल्यासारखे आम्ही मागच्या दारानं निघालो. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस लोटा घेऊन परतत होता आणि आमच्याकडे सहानुभूतीनं बघत होता.

नाल्यापलीकडे एका पऱ्हाटीच्या रानात उभे राहिलो. लांब पळसावर पोपट बसले होते. हवा थंड, आजूबाजूला कुणी नाही. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, भिंग बाहेर आलं आणि कॅमेरा मेला. आदल्या संध्याकाळी अख्ख्या आळीनं त्यात स्वतःचे फोटो पाहिले होते, आणि रात्रभर भारनियमन होतं. भिंग आतही जाईना. जीभ काढून गप्प बसलेल्या पोरासारखा तो यांच्या हातात राहिला.

तेवढ्यात रस्त्यावरून दोन माणसं खाली उतरली. मागून डोक्यावर सरपण घेतलेली एक बाई. पहिल्यानं विचारलं, "कोन्या च्यानलचे?"

हे म्हणाले, "च्यानलचे नाही. लग्नाला आलोय."

"लग्नाले एवढं नळकांडं घेऊन कोन येते?" तो म्हणाला. "पाहा सायेब, आमच्या गावात काही नाही झालं. पुलाच्या तिकडल्या गावाले जा. परवा तिथं गाड्या येऊन गेल्या."

हे त्याला समजावून सांगू लागले. तोवर त्या बाईनं मोळी खाली टाकली होती, पदर नीट केला होता आणि ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली होती. माझ्याच वयाची असेल. तिनं यांना विचारलं, "रडाचं का साधंच उभं राहाचं?"

यांचा कॅमेरा खाली आला. हे म्हणाले, "साधंच राहा ताई. पण बॅटरी गेली हो. फोटो निघत नाही."

"मंग कायले उभी केली उगाच," ती म्हणाली आणि मोळी उचलायला वाकली. मी हात लावला. मोळी डोक्यावर चढली तशी ती मला म्हणाली, "लग्न किसनभाऊच्या घरचं व्हय ना? येतो आमी उद्या. तवा काढा." आणि दोघा माणसांच्या पुढं चालू लागली.

परतीच्या वाटेवर हे एकदम म्हणाले, "ह्या भागात माणसांना फोटोत कसं दिसायचं ते शिकवून ठेवलंय." मी म्हटलं, "उद्या तिचा चांगला काढा." नाल्याच्या अलीकडे किसनराव मोटरसायकल घेऊन उभे होते. आमच्याकडं इवाई पायी हिंडत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिघं एका मोटरसायकलवर बसून घरी आलो. मी मागे, मधे हे, आणि शालीत जीभ काढलेला कॅमेरा.

संध्याकाळी बबलू दोन कॅमेरे परत न्यायला आला. घोडं पेंड खात होतं ते इथं. कापसाच्या ढिगावर तीन खोकी आणि समोर हे. बबलू घड्याळ बघत होता, कारण त्याला त्याच मोटरसायकलवरून दुसऱ्या लग्नाला जायचं होतं.

"फोटो तिन्हींचे सारखेच," हे म्हणाले. "मग काळाच घेतो. तो दिसायला बरा आहे. मांडवात शोभेल."

मी वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. त्या बाजूला ठेवल्या. "उलट वागणाऱ्या भिंगाचा घ्या," मी म्हटलं.

"कशावरून?"

"तुमच्या हातावरून."

बबलू कापसाकडे बघू लागला. यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी त्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, कारण त्या नजरेत, हिला माहीत आहे का, हा प्रश्न होता. "म्हणजे तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"नवऱ्याचा हात बायकोला माहीत नसतो होय?"

त्यांनी करड्या खोक्यावर हात ठेवला. खोकं थोडं वाजलं. त्यांनी हात काढला नाही, लपवलाही नाही. "हा ठेव," ते बबलूला म्हणाले. बबलूनं बाकीची दोन खोकी डिकीत टाकली आणि बॅटरी आपल्या स्टुडिओतून भरून सकाळी पाठवायचं कबूल केलं, कारण गावात वीज येईल याची हमी कुणालाच नव्हती. मला त्या रात्री झोप चांगली लागली, खाज सुटूनही.

मांडव

बौद्ध पद्धतीच्या लग्नाला मुहूर्त नसतो, त्यामुळे तो टळतही नाही, असं मी साताऱ्यात समजत होते. आमच्याकडे अकरा म्हटलं की अकराला त्रिशरण सुरू होतं. इथं अकरा हा आकडा पत्रिकेत शोभेसाठी होता. नवरीकडची मंडळी महागावाकडून ट्रकनं आली तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. पण कुणाच्या कपाळाला आठी नाही. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळ्या पताका आणि सगळ्यांवर रस्त्याची तांबूस धूळ.

आम्हाला कडेला, कुलरजवळ, गादीच्या खुर्च्या. स्टेज चांगलंच लांब. स्टेजभोवती व्हिडिओवाला, त्याचा दिवा धरणारा आणि अर्धं गाव. तिथं जवळ जाऊन फोटो काढणं अशक्यच होतं. बारापट झूम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचं यंत्र, असं मी यांना चिडवत आले होते. आता आम्ही उंटावर बसलेलोच होतो.

बौद्धाचार्यांनी पंचशील सुरू केलं. सगळे उभे राहिले, सगळे खाली बसले. किसनराव स्टेजवर मुलाच्या मागे हात बांधून उभे. यांनी कॅमेरा उचलला. त्या दिवसांत चारचौघांत पहिल्यांदाच त्यांचा कोपर हवेत एकटा होता.

हात थरथरत होता. चांगलाच. मनगटातलं घड्याळ उन्हात लुकलुकत होतं. मी वाकून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. त्यात विशाल आणि करुणा, आमची नवी नवरी, हातात हार घेऊन उभी होती आणि हलत नव्हती. हात हलतोय आणि चित्र थांबलंय, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मांडवात रडणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही, म्हणून मी रडून घेतलं.

"लागतंय," हे पुटपुटले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

तेवढ्यात स्टेजवर किसनरावांनी मान वळवली. इतक्या लांबून त्यांना इवायाचा एकटा कोपर दिसला. मुलाच्या गळ्यात हार पडायच्या बेतात असताना हा माणूस स्टेजच्या पायऱ्या उतरला. गर्दीतून वाट काढत, एक हात पुढं करून, तो सरळ आमच्या दिशेनं यायला लागला. हे बटण दाबत होते. पडद्यात किसनराव मोठे मोठे होत गेले. टाळ्या वाजल्या, फुलं उडाली, हार पडले, ते सगळं त्यांच्या पाठीमागे कुठंतरी झालं.

ते धापा टाकत पोचले आणि यांच्या कोपराखाली तळवा घातला. "एकटे काहून उचलता जी? मले आवाज द्याचा ना."

हे हसून म्हणाले, "इवाई, आज राहू द्या. आज हा कॅमेराच धरतोय."

किसनरावांनी पडद्यात पाहिलं. मग यांच्या हाताकडे, मग पुन्हा पडद्यात. "अस्सं," म्हणाले. हात काढून घेतला. तो हात त्यांनी खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, आणि शेवटी पाठीमागे दुसऱ्या हातात देऊन आमच्या खुर्चीशेजारीच उभे राहिले. पुढं कुणीतरी त्यांना हाका मारून स्टेजवर नेलं. यांनी त्या दिवशी हात दुखेपर्यंत फोटो काढले. सरपणवाली बाई लुगडं बदलून आली होती. तिला पुष्कळ लोकांतून यांनी बरोबर टिपलं, करंजीचा तुकडा तोंडात घालताना.

पंगतीला मी शांताबाईंच्या शेजारी बसले. वरणाची बादली घेऊन एक ठेंगणा गृहस्थ धावत वाढत होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी विचारलं, "हे कोण?"

"नवरीचा बाप. आमचे नवे इवाई."

मी घास खाली ठेवला. "अहो, मग त्यांना कुणी अडवत कसं नाही?"

"त्याइले कायले अडवाव?"

"तुमच्याकडे इवायानं वजन उचलायचं नसतं ना?"

शांताबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि हसता हसता थांबल्या. "अशी रीत कोन्या गावात असते जी इहीनबाई? थे तं आमच्या यायनं काढली. तुमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो पाह्यले तवाच त्याइले समजलं का इवायाचा हात हालते. मले म्हनाले, हात धरला तं मानूस लाजते. रीत हाय म्हनलं का नाही लाजत. समद्या घराले सांगून ठेवलं व्हतं."

"आणि अर्धा चहा?"

"थेबी."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. आमच्याकडे व्याह्याचे पाय धरत नाहीत. ही रीत मात्र खरी आहे, त्यामुळे मी बसून राहिले. त्या वेळी किसनराव मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मंडपाचा खांब सरळ करत होते.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. वर्ध्याच्या पुढं मी यांना सगळं सांगितलं. न सांगण्याचा विचार मी केला होता, पण दोन वर्षं न सांगण्याचं फळ मी पाहिलेलं होतं. हे खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "चहाचं कळलं होतं. हाताचं नाही कळलं." आणि थोड्या वेळानं, "मी त्यांना राहू द्या म्हणालो."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यांना काय वाटलं असेल?"

यांनी कॅमेरा काढला आणि एकेक फोटो पुढं सरकवायला लागले. नवरानवरी, पताका, बौद्धाचार्य, करंजीवाली बाई. सगळे स्वच्छ. नवरीला एकच नाक. मग ते फोटो आले, ज्यांत किसनराव स्टेज सोडून आमच्याकडे येतात. शेवटच्यात ते अगदी जवळ आहेत. तोंड धापेनं उघडं, आणि पुढं केलेला हात जवळजवळ सगळं चित्र व्यापून. तळव्यावरच्या रेघा, बोटांना कापूस वेचून पडलेल्या भेगा, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. हे तिथंच थांबले. गाडी एक स्टेशन पुढं गेली तरी फोटो बदलला नाही.

"हा मोठा करून लावायचा," ते म्हणाले.

आता तो आमच्या बैठकीत आहे. त्यात नवरानवरी दिसत नाहीत. येणारा-जाणारा विचारतो, तेव्हा हे सांगतात, लग्नाचा फोटो आहे.